जुन्या पियानोतील सैल ब्रिज पिना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील घरांत, शाळांत आणि चर्चमध्ये जुने पियानो आजही वाजतात, आणि त्यांच्या मालकांची एक तक्रार जवळजवळ ठरलेली असते. सूर लावून आठवडा झालेला नसतो, तरी वरच्या पट्टीतले काही स्वर स्वच्छ लागत नाहीत, ते डोलत राहतात. बिचाऱ्या ट्यूनरला नावे ठेवून लोक मोकळे होतात. प्रत्यक्षात अशा पियानोंपैकी अनेकांच्या ब्रिजवरील पिना सैल झालेल्या असतात आणि त्या सैल असेपर्यंत कोणत्याही ट्यूनरला तो स्वर स्वच्छ लावता येत नाही. हा दोष कसा ओळखावा, कितपत घरी दुरुस्त करावा आणि कोठे थांबावे, याविषयी नेहमी येणारे प्रश्न येथे घेतले आहेत.

ब्रिज पिन म्हणजे काय आणि ती पियानोत कोठे असते?

पियानोच्या तारा लोखंडी चौकटीवर ताणलेल्या असल्या तरी आवाज मोठा होतो तो त्यांच्यामागच्या स्प्रूस लाकडाच्या पातळ फळीमुळे, म्हणजे साउंडबोर्डमुळे. तारेचे कंपन या फळीपर्यंत पोहोचवणारी कठीण लाकडाची पट्टी म्हणजे ब्रिज. तो सहसा मेपल किंवा बीच लाकडाचा असतो. बहुतेक पियानोंत मधल्या आणि वरच्या स्वरांसाठी एक लांब, वळणदार ब्रिज आणि खर्जाच्या तारांसाठी दुसरा आखूड ब्रिज असतो. प्रत्येक तार ब्रिजवरून जाताना दोन पोलादी पिनांमधून नागमोडी वळण घेते. पहिल्या पिनेच्या एका बाजूने आणि दुसरीच्या विरुद्ध बाजूने. या पिना सुमारे दोन ते अडीच मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्या मुद्दाम तिरप्या ठोकलेल्या असतात, म्हणजे तारेचा बाजूचा दाब तारेलाच ब्रिजवर दाबून धरतो. तारेच्या वाजणाऱ्या भागाकडे ब्रिजला खाच घेतलेली असते आणि त्या खाचेची कड पिनेच्या बरोबर मध्यावर आणलेली असते. साधारण २२० ते २३० तारांच्या पियानोत अशा पिना साडेचारशेच्या आसपास भरतात.

ट्यूनिंग पिन सैल असणे आणि ब्रिज पिन सैल असणे हे एकच आहे का?

नाही. ट्यूनिंग पिन म्हणजे किल्लीने फिरवून तार ताणली जाते ती. ती सैल झाली की स्वर उतरतो, काही वेळा लावल्यानंतर दिवसभरातच. ब्रिज पिन सैल झाली तर स्वर फारसा उतरत नाही, पण त्याचा स्वच्छपणा जातो. दोन्ही दोष एकाच पियानोत असू शकतात. तसे असल्यास आधी ट्यूनिंग पिनांचा बंदोबस्त करावा, कारण तार सुरात टिकतच नसेल तर ब्रिजवरची दुरुस्ती यशस्वी झाली की नाही हे कळायला मार्ग उरत नाही.

पिन सैल झाल्याने सुरात नेमका कोणता दोष येतो?

हातोडी तारेवर पडली की तार एकाच दिशेने हलत नाही. ती मुख्यतः साउंडबोर्डच्या दिशेने पुढे-मागे हलते आणि त्याबरोबर थोडी आडवीही हलते. पहिल्या हालचालीला ब्रिजच्या लाकडाची कड अडवते आणि आडव्या हालचालीला पिन अडवते. पिन घट्ट असेल तर दोन्ही हालचाली एकाच बिंदूपाशी थांबतात, तारेची लांबी दोन्ही दिशांना सारखीच राहते आणि एकच स्वर ऐकू येतो. पिनेच्या छिद्राचे तोंड थोडेसे जरी रुंदावले असेल, तरी आडव्या हालचालीबरोबर पिनही केसभर हलते, त्या दिशेपुरती तार किंचित लांब असल्यासारखी वागते आणि एकाच तारेतून दोन जवळजवळचे स्वर निघू लागतात. एका दिशेने सेकंदाला २००० कंपने आणि दुसऱ्या दिशेने १९९९ कंपने होत असतील, तर आवाज सेकंदाला एकदा वाढतो आणि ओसरतो. पियानोची कामे करणारे याला फॉल्स बीट म्हणतात. या पानावर त्यासाठी ‘लाट’ हाच शब्द वापरला आहे.

तंबोरा लावलेल्या वाचकांना येथील फरक चटकन कळेल. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढून आणि सूत सरकवून तार घोडीच्या पृष्ठभागाला पुसटशी लागत राहील अशी मुद्दाम व्यवस्था केलेली असते, आणि त्यातूनच तो झंकार येतो. पियानोत मात्र तारेचा शेवट एका ठिकाणी, नेमका आणि न हलणारा हवा असतो.

लाट सर्वांत ठळक ऐकू येते ती वरच्या दोन-तीन सप्तकांत. सर्वांत वरच्या स्वराच्या तारेचा वाजणारा भाग अवघा पाच सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे तेथे पिनेची केसभर हालचालही जाणवते. खर्जात हाच दोष लाटेऐवजी झणझण किंवा खरखर अशा रूपात समोर येतो, किंवा तार जीव नसल्यासारखी ठसठशीत न वाजता पोकळ वाजते.

पिन बोटांनी हलवून पाहिली, ती अजिबात हलत नाही. म्हणजे ती घट्ट आहे ना?

असे समजू नये. सैलपणा छिद्राच्या तोंडाशी असतो, वरच्या एक-दोन मिलिमीटर लाकडात. खाली पिन पक्की बसलेली असते आणि चिमटीत धरून ओढली तरी दाद देत नाही. पिन बोटांनी खरोखर हलत असेल, तर प्रश्न साध्या सैलपणाच्या पुढे गेलेला आहे आणि ब्रिजला चीर गेली आहे का, हे आधी पाहावे लागेल.

मग हा दोष घरी कसा तपासावा?

एका स्वराच्या तीन तारांपैकी दोन तारा रबरी फाचरीने किंवा फेल्टच्या पट्टीने बंद कराव्यात आणि एकच तार वाजू द्यावी. दोन तारा एकमेकींशी जुळत नसल्या तरी लाट येते. ती येथे मोजायची नाही, म्हणून ही पायरी वगळू नये. एकट्या तारेतूनही आवाज डोलत असेल, तर स्क्रूड्रायव्हरचे टोक त्या तारेच्या वाजणाऱ्या बाजूकडील पिनेला लावावे आणि पिन बाजूने घट्ट रेटून धरून तीच तार पुन्हा छेडावी. लाट नाहीशी झाली किंवा बरीच मंदावली, तर पिन सैल आहे. टोक तारेला लागता कामा नये, अन्यथा तार दबून लाट गेल्याचा भास होतो.

ग्रँड पियानोत हे सहज करता येते. उभ्या पियानोत लांब ब्रिजचा वरच्या स्वरांकडचा भाग हातोड्यांच्या यंत्रणेमागे दडलेला असतो, त्यामुळे तेथे यंत्रणा बाहेर काढून तार गिटारच्या पिकने छेडावी लागते. खालचा फळा काढल्यावर मधल्या स्वरांचा भाग आणि खर्जाचा ब्रिज समोर दिसतो. तपासताना ज्या पिनांनी दगा दिला त्यांच्याजवळ खडूने बारीक खूण करावी, कारण साठ-सत्तर पिना तपासल्यानंतर कोणती चांगली आणि कोणती सैल हे लक्षात राहत नाही.

एकाच तारेत लाट आहे, म्हणजे पिनच सैल असे निश्चित म्हणता येते का?

नाही, आणि येथेच सर्वाधिक गोंद वाया जातो. तार गंजलेली असेल, चढवताना तिला पीळ पडला असेल, तारेने ब्रिजच्या कडेवर खोल चर पाडला असेल, किंवा तार पिनेवर थोडी वर सरकून लाकडापासून सुटली असेल, तरी अशीच लाट येते. काही वेळा दोष ब्रिजच्या बाजूला नसून तारेच्या दुसऱ्या टोकाशी, तारा दाबून धरणाऱ्या धातूच्या दाबपट्टीपाशी असतो. साउंडबोर्ड खचला असेल आणि ब्रिजवर तारेचा खालच्या दिशेने दाबच उरला नसेल, तर संपूर्ण भागाचा आवाज दुबळा होतो आणि तेथे पिना चिकटवून काही साधत नाही. स्क्रूड्रायव्हरची परीक्षा म्हणूनच महत्त्वाची आहे: पिन रेटल्यावर लाटेत काहीच फरक पडला नाही, तर त्या पिनेला गोंद लावू नये.

पिना सैल का होतात? आमचा पियानो तर फारसा वाजवलाही जात नाही.

वाजवण्याचा आणि या दोषाचा संबंध थोडाच आहे. एका तारेवर साधारण ७० किलोचा ताण असतो आणि ती पिनांभोवती वळण घेत असल्याने प्रत्येक पिनेला रात्रंदिवस बाजूला ढकलत असते. लाकूड ओलाव्याने फुगते आणि कोरडेपणाने आकसते. ही हालचाल लाकडाच्या रेषांना आडव्या दिशेने जास्त असते. फुगलेले लाकूड न फुगणाऱ्या पोलादी पिनेवर दाबले जाते, छिद्राच्या तोंडाशी त्याचे तंतू चेपतात, आणि हिवाळ्यात लाकूड आकसले की चेपलेल्या तंतूंच्या जागी फट उरते. शिवाय पावसाळ्यात ब्रिज उंचीनेही वाढतो आणि तारेला पिनेवरून वर ढकलतो. कोरड्या दिवसांत ब्रिज खाली येतो, तार मात्र घर्षणामुळे वरच अडकून राहते.

आपल्याकडे हे चक्र जोरकस आहे. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीलगतच्या ठाण्यात, वाशीत किंवा नेरूळमध्ये हवेतील आर्द्रता दिवसच्या दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते, तर हिवाळ्यातल्या आणि मार्चमधल्या कोरड्या दुपारी ती ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. त्यात आता रात्रभर एसी आणि दिवसभर उघड्या खिडक्या, अशी रोजची उलथापालथ जोडली गेली आहे. येऊरच्या पायथ्याशी किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या इमारतींत पावसाच्या माऱ्याची भिंत ओल धरते आणि पियानो बहुधा त्याच भिंतीला टेकलेला असतो, कारण दुसरी भिंत टीव्हीने घेतलेली असते. गणपतीत मखरासाठी पियानो खिडकीखाली सरकवायचा आणि तो दिवाळीपर्यंत तिथेच ठेवायचा, ही प्रथाही त्याच्या ब्रिजला मानवत नाही.

आमच्या ट्यूनरने तारा ब्रिजवर ठोकून बसवल्या आणि लाट गेली. एवढे पुरेसे आहे का?

काही महिन्यांपुरते, होय. पितळी दांडीने किंवा लाकडी खुंटीने तार हलकेच खाली दाबली की ती पुन्हा ब्रिजच्या कडेला टेकते आणि आवाज स्वच्छ होतो. पण पिन सैल असेल तर पुढच्या ऋतुबदलात लाट परत येते, आणि दर वेळी ठोकल्याने तार लाकडाच्या कडेत थोडी अधिक रुतते. दोन-चार वर्षे असे चालले की कडेची धार जाते आणि मग पिन घट्ट केली तरी तारेला नेमका शेवट मिळत नाही. हलक्या हाताने एकदा दाबण्यास आमचा आक्षेप नाही, हातोडीने ठोकण्यास आहे.

कोणता गोंद वापरावा? फेव्हिकॉल चालेल का?

फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद चालत नाही. तो दाट असल्याने पिनेभोवतीच्या फटीत उतरत नाही, त्यातील पाण्याने लाकूड फुगते, आणि सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो. पारंपरिक सरसही येथे उपयोगाचा नाही.

सैल पिनांसाठी पाण्यासारखा पातळ सायनोअॅक्रिलेट गोंद वापरला जातो. तो केशाकर्षणाने पिन आणि लाकूड यांच्यामधील फटीत आपोआप ओढला जातो आणि चेपलेल्या तंतूंना घट्ट करतो. फेविक्विक याच जातीचा आहे आणि दोन-चार पिनांवर प्रयोग करण्यास तो ठीक आहे. परंतु संपूर्ण ब्रिजचे काम असेल तर पातळ प्रतीचा गोंद आणि केसासारखी बारीक नळी असलेली बाटली मॉडेल बनवण्याचे साहित्य विकणाऱ्यांकडून मागवावी. बाटली ताजी असावी. दमट हवेत उघडी राहिलेली बाटली दाट होते आणि दाट गोंद वरच साचतो, आत जात नाही. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवता येते, मात्र वापरण्यापूर्वी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर झाकण उघडताच आत बाष्प धरते.

गोंद लावण्याची पद्धत सविस्तर सांगाल का?

ब्रिजवरची धूळ मऊ ब्रशने सैल करून व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावी. पिनांच्या बुडाशी साचलेली काळी पूड बहुधा ग्राफाइट असते. तार सहज सरकावी म्हणून कारखान्यातच ती चोळलेली असते आणि ती खरवडून काढण्याची गरज नाही. गंज रोखण्यासाठी कोणी पिनांवर तेल किंवा फवारा मारलेला असेल तर मात्र थांबावे, कारण तेलकट लाकडात गोंद धरत नाही.

साउंडबोर्डवर आणि कळांवर प्लॅस्टिकचे कापड अंथरावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पंखा मात्र थेट कामावर सोडू नये, कारण गोंदाची वाफ डोळ्यांत जाते. डोळ्यांना चष्मा आणि हातात नायट्राइलचे हातमोजे हवेत. सुती हातमोजे किंवा सुती चिंधी जवळ ठेवू नये: कापसावर हा गोंद पडला की तो झपाट्याने तापतो, धूर येतो आणि कातडी भाजते. मुलांना आणि मांजरांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

आता नळीचे टोक पिनेच्या बुडाशी, तारेच्या विरुद्ध बाजूला टेकवावे आणि अगदी छोटा थेंब सोडावा. पिन सैल असेल तर थेंब डोळ्यांदेखत आत ओढला जातो; पिनेभोवती क्षणभर ओले कडे दिसते आणि लगेच कोरडे होते. काही सेकंदांनी दुसरा थेंब, गरज पडल्यास तिसरा. थेंब वर तसाच चमकत राहिला की फट भरली, तेथे थांबावे. घट्ट पिनेत पहिलाच थेंब वर राहतो, म्हणून ही एक प्रकारे दुसरी परीक्षाही आहे. सांडलेला थेंब पुसण्याऐवजी ब्लॉटिंग पेपरच्या टोकाने टिपावा. लवकर सुकण्यासाठी मिळणारा फवारा वापरू नये. गोंद वरच आळतो आणि आतली फट रिकामी राहते.

तार थोडीशी चिकटली तरी घाबरू नये, सूर लावताना तो पापुद्रा तुटतो. खर्जाच्या ब्रिजवर मात्र विशेष सावध राहावे. तेथील तारांवर तांब्याचे वेटोळे असते आणि पातळ गोंद तारेवरून धावत जाऊन त्यात शिरला, तर ती तार कायमची मुकी होते. तिच्यावर उपाय नाही, ती बदलावीच लागते.

रात्रभर तसेच राहू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी खुणा केलेल्या तारा पुन्हा छेडून पाहाव्यात. बहुतेक पिनांवर फरक ऐकू येतो, काहींवर लाट मंद होते पण जात नाही. उरलेल्यांवर आणखी गोंद ओतण्यापेक्षा आधीच्या प्रश्नात सांगितलेली इतर कारणे तपासावीत.

उभ्या पियानोत ब्रिज भिंतीसारखा उभा असतो. गोंद खाली ओघळणार नाही का?

ओघळतो, आणि म्हणूनच पियानो पाठीवर आडवा करणे योग्य. जुन्या उंच पियानोचे वजन २०० ते २५० किलो किंवा त्याहून अधिक असते आणि लोखंडी चौकट मागच्या बाजूला असल्याने तो मागे कलंडण्यास अगदी तयार असतो. चार सशक्त माणसे, जाड लाकडी ठोकळे आणि सतरंज्या यांशिवाय हे करू नये. पियानो हलवण्याचा सराव असलेली माणसे असतील तर उत्तम. आडवा करण्यापूर्वी हातोड्यांची यंत्रणा बाहेर काढून ठेवावी. दोन खोल्यांच्या घरात दोन दिवस ही जागा अडून राहते, याचा विचारही आधी करावा.

चार-पाच पिनांचेच काम असेल तर पियानो उभा ठेवून, पिनेच्या वरच्या अंगाला अगदी सूक्ष्म थेंब देत आणि खाली टिपकागद धरत काम भागते. वेळ दुप्पट लागतो. पूर्ण ब्रिज असा करण्याचा मोह टाळावा.

वर्षातील कोणता काळ योग्य?

डिसेंबर ते मार्च. पावसाळ्यात फुगलेले लाकूड पिनेला तात्पुरते आवळून धरते, त्यामुळे सैल पिनाही परीक्षेत उत्तीर्ण होतात आणि गोंदाला शिरायला फट मिळत नाही. त्यातच सायनोअॅक्रिलेट हवेतील ओलाव्यानेच आळत असल्याने जुलैमध्ये तो खाली उतरण्याआधीच घट्ट होतो आणि भोवती पांढरट राख धरतो. जूनमध्ये तक्रार घेऊन येणाऱ्यांना आम्ही थंडीपर्यंत थांबण्याचा सल्ला देतो, आणि तो त्यांना सहसा आवडत नाही.

ब्रिजला पिनांच्या रांगेत चीर गेली आहे. तीही गोंदाने भरेल का?

केसासारखी बारीक चीर, जिच्यात पिना अजून आपापल्या जागी आहेत, ती पातळ गोंदाने पुष्कळ वर्षे रोखता येते. चीर एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत सलग गेली असेल आणि तारांच्या ओढीने पिना झुकल्या असतील, तर केवळ थेंब सोडून भागत नाही. अशा वेळी त्या भागातील तारा सैल करून बाजूला घ्याव्या लागतात, पिना लॉक होणाऱ्या पकडीने सरळ वर ओढून काढाव्या लागतात, आणि छिद्रे व चीर सावकाश घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने, म्हणजे अॅराल्डाइटसारख्या दोन भाग मिसळण्याच्या गोंदाने, भरून पिना पुन्हा बसवाव्या लागतात. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार येथे घेऊ नये. आपल्या उन्हाळ्यात तो त्याआधीच आळतो आणि अर्ध्या पिना हातात राहतात. इपॉक्सी पूर्ण पक्का झाल्यावर पिनांची डोकी कानशीने एका पातळीत आणतात आणि नंतरच तारा चढवतात.

येथे एक धोका मालकाला आधीच सांगितलेला बरा. साठ-सत्तर वर्षांची गंजलेली तार सैल करून पुन्हा ताणली की ट्यूनिंग पिनेजवळच्या वेटोळ्यात तुटू शकते. बदली तारेची सोय हाताशी नसेल तर हे काम सुरू करू नये. सर्व तारांचा एकत्रित ताण १५ ते २० टनांच्या घरात असतो, त्यामुळे तारा मोठ्या संख्येने उतरवायच्या असतील तर एकाच बाजूच्या एकदम न उतरवता संपूर्ण पियानोभर टप्प्याटप्प्याने ताण कमी करावा.

जुन्या पिना काढून जाड पिना घातल्या तर?

लाकूड धडधाकट असेल तर हा चांगला उपाय आहे, पण छिद्र त्याच कोनात आणि त्याच रेषेत पुन्हा कोरावे लागते, आणि पिन जाड झाल्याने खाचेची कडही नव्याने साधावी लागते. चिरलेल्या ब्रिजमध्ये जाड पिन ठोकणे म्हणजे चिरेत पाचर मारण्यासारखे आहे. जुनीच पिन सुंभ्याने थोडी आत ठोकण्याचा सल्लाही काही जण देतात. पिन छिद्राच्या तळाला टेकलेली असेल तर ती आत जात नाही, लाकूड मात्र फुटते.

ब्रिज पूर्ण फुटला आहे. ठाण्यातला चांगला सुतार नवा करून देईल का?

खर्जाचा ब्रिज काढून त्याची हुबेहूब प्रत करणे कसबी सुताराला जमते, विशेषतः पियानोचे काम करणारा माणूस शेजारी उभा असेल तर. लाकडाची निवड सुतारावर सोडू नये. तो विश्वासाने सागवान सुचवेल. सागवान हवामानाला टिकते हे खरे, पण ते तेलकट असल्याने गोंद नीट धरत नाही आणि बारीक पिनांचा सततचा बाजूचा दाब सोसण्याइतके कठीण नाही. मोठ्या वखारीत स्टीम बीच या नावाने मिळणारे, सरळ रेषेचे, गाठ नसलेले लाकूड त्यापेक्षा बरे. कठीण मेपल मिळाल्यास उत्तम. जुन्या ब्रिजवरून पिनांच्या जागा कागदावर घासून घ्याव्यात आणि तारांचे अंतर, छिद्रांचे कोन व ब्रिजची उंची यांत मिलिमीटरचाही बदल होऊ देऊ नये. उंची चुकली तर साउंडबोर्डवरचा दाब बदलतो आणि पियानोचा आवाजच बदलतो.

लांब ब्रिज बहुधा पूर्ण बदलावा लागत नाही. त्याचा वरचा काही मिलिमीटरचा थर उतरवून नवी टोपी बसवतात, छिद्रे पाडतात आणि पटाशीने एकेक खाच घेतात. हे काम मात्र ज्याने आधी केले आहे त्याच्याच हाती द्यावे.

आमचा पियानो जुना इंग्रजी आहे. हातोड्यांपुढे तारांचा पिंजरा दिसतो. काही वेगळे करावे लागेल का?

दुरुस्ती तीच, पोहोचणे अवघड. या पियानोंत आवाज थांबवणारे दमक हातोड्यांच्या वर बसवलेले असतात आणि त्यांना चालवणाऱ्या तारांची रांग पुढे येते, म्हणून ती यंत्रणा पिंजऱ्यासारखी दिसते. ती बाहेर काढताना एखादी तार वाकली की तो दमक नीट बसत नाही. काढण्याआधी समोरून छायाचित्रे घ्यावीत आणि यंत्रणा कधीही पुढच्या बाजूवर निजवू नये. अशा अनेक पियानोंत तारा एकमेकींवरून तिरप्या न नेता सरळ खाली नेलेल्या असतात. त्यांचे लाकूड आणि ट्यूनिंग पिनांची पकड आधी तपासून मगच ब्रिजवर वेळ घालवावा.

गोंद लावल्याने पियानोचा अस्सलपणा जात नाही का?

पुढे कधी पिना काढून नवी टोपी बसवायची झाली, तर आत मुरलेल्या गोंदाने फारसा अडथळा होत नाही, कारण तो वरचा थर तसाही काढला जातो. संग्रहालयात ठेवण्याजोगे, दुर्मीळ वाद्य असेल तर त्याला हात लावू नये. आजोबांनी घेतलेला आणि नातीने परीक्षेसाठी वाजवायचा पियानो असेल, तर तो स्वच्छ वाजणे अधिक महत्त्वाचे, असे आमचे मत आहे.

दुरुस्तीनंतर सूर कधी लावावा आणि पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

केवळ थेंबांचे काम झाले असेल तर दुसऱ्या दिवशी सूर लावता येतो. तारा उतरवल्या असतील तर एकदा लगेच आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावावा लागतो, आणि पियानो बराच उतरलेला असल्यास ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरापर्यंत एका फटक्यात नेऊ नये.

पावसाळ्यात पियानोजवळ हवेतील आर्द्रता मोजणारा एक साधा हायग्रोमीटर ठेवावा. आकडा ४५ ते ६० टक्क्यांत राखता आला तर उत्तमच. तेवढे शक्य नसेल तर निदान तो रोज वर-खाली होऊ नये याकडे लक्ष द्यावे, म्हणजे एसी रात्री सोळावर आणि दिवसा बंद असे करण्यापेक्षा डीह्युमिडिफायर मंद चालू ठेवलेला बरा. पियानोच्या आत बल्ब लावून ठेवण्याची जुनी पद्धत काही घरांत अजून आहे. ती एकाच कोपऱ्याला भाजून काढते आणि उरलेला ब्रिज तसाच दमट राहतो, शिवाय फेल्ट आणि धूळ यांच्या शेजारी तापलेला बल्ब ही आगीला सोय आहे. पियानो बाहेरच्या भिंतीपासून निदान वीतभर दूर, आतल्या भिंतीकडे असावा.

जुना पियानो विकत घेण्यापूर्वी ब्रिज कसा पाहावा?

खालचा फळा काढायला सांगावा आणि विजेरीचा प्रकाश खर्जाच्या ब्रिजवर बाजूने टाकावा. समोरून टाकलेल्या प्रकाशात चिरा दिसत नाहीत. पिनांच्या रांगेत काळी रेघ दिसते का, पिना एकाच दिशेला झुकल्या आहेत का, हे पाहावे. मग वरच्या दोन सप्तकांतील प्रत्येक स्वर एकेक तार मोकळी ठेवून ऐकावा. दहा-पंधरा तारांत लाट असेल तर किमतीत घासाघीस करून पियानो घ्यावा आणि थंडीत पिना पक्क्या करून घ्याव्यात. खर्जाचा ब्रिज चिरलेला असेल, तर तो बदलण्याचा खर्च विचारल्याशिवाय विसार देऊ नये. आणि विकणाऱ्याने फळा काढू देण्यास नकार दिला, तर पियानो न पाहिलेलाच समजावा.